पाग, गळ आणि ते शिकवणारे हात

मासेमारीचे कौशल्य ग्रंथात फार थोडे उतरते. जाळ्याची लांबी, गळाचा आकार, माशांची नावे आणि त्यांचे हंगाम लिहून ठेवता येतात. परंतु पाण्याच्या रंगावरून तळाचा अंदाज घेणे, दोरीला बसलेल्या हिसक्यावरून मासा लागला की कचरा अडकला हे ओळखणे, किंवा जाळे हातातून नेमके कोणत्या क्षणी सोडायचे हे समजणे, या गोष्टी जाणकाराच्या शेजारी उभे राहूनच शिकाव्या लागतात. म्हणूनच जेथे ही विद्या टिकली तेथे ती शिकवणाऱ्यांची परंपराही टिकली. वसईच्या खाडीपासून वैतरणेच्या मुखापर्यंत, म्हणजे नायगाव, पाचूबंदर, किल्लाबंदर येथून उत्तरेला अर्नाळ्यापर्यंतच्या किनाऱ्यावर, कोळी, मांगेला आणि वैती कुटुंबांत ती घरातल्या घरात चालत आली. युरोप-अमेरिकेत ‘फ्लाय फिशिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गळाच्या मासेमारीत मात्र तिला शाळा, परीक्षा आणि प्रमाणपत्रे लाभली. या दोन परंपरा शेजारी ठेवून पाहिल्या, तर वसईच्या मच्छीमार गुरूंची योग्यता आणि तिच्याकडे झालेले दुर्लक्ष, दोन्ही ठळकपणे नजरेत भरतात.

नेहमीच्या गळाला गांडूळ, कोळंबी किंवा माशाचा तुकडा लावतात आणि दोरीला शिशाचे वजन बांधून तो पाण्यात भिरकावतात. वजन पुढे जाते आणि दोरी त्याच्यामागून ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये हा क्रम उलटा असतो. पिसे, प्राण्यांचे केस, लोकर किंवा रेशमी धागा बारीक गळावर गुंडाळून एखाद्या कीटकाचा वा लहान माशाचा आभास निर्माण करणारे जे कृत्रिम आमिष तयार करतात, त्याला ‘फ्लाय’ म्हणतात. या आमिषाला स्वतःचे वजन जवळजवळ नसतेच, त्यामुळे ते फेकण्यासाठी लागणारे वजन दोरीतच घातलेले असते. लवचीक, निमुळती काठी मागे नेली की ही जाड दोरी हवेत पाठीमागे उलगडत जाते, ती पुरती उलगडेपर्यंत क्षणभर थांबावे लागते, आणि मग काठी पुढे आणून एकदम थबकवली की दोरीला आलेला वळसा पुढे सरकत सरकत आमिषाला पाण्यावर अलगद टेकवतो. नवशिक्याची चूक बहुतेक वेळा एकच असते: तो मागे थांबत नाही आणि न थांबल्यामुळे झालेली हानी अधिक जोर लावून भरून काढू पाहतो.

ही पद्धत फार जुनी आहे. लोकरीचा लाल धागा आणि पिसे गळावर बांधून मासे पकडणाऱ्या मॅसिडोनियातील लोकांचे वर्णन एलियन या रोमन लेखकाने सुमारे १,८०० वर्षांपूर्वी केले आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली गळाच्या मासेमारीवरचा एक निबंध छापला गेला. तो डेम ज्युलियाना बर्नर्स या स्त्रीच्या नावावर सांगितला जातो. आयझॅक वॉल्टन यांचा ‘द कम्प्लीट अँगलर’ हा ग्रंथ १६५३ साली आला, आणि फ्लाय फिशिंगविषयीचा भाग त्याला १६७६ साली चार्ल्स कॉटन यांनी जोडला. जपानच्या डोंगराळ नद्यांवर मात्र ‘तेंकारा’ नावाची निराळी पद्धत पोटापाण्यासाठी मासे धरणाऱ्या गावकऱ्यांनी घडवली. तीत चाक नसलेली लांब काठी, एक दोरी आणि एक फ्लाय एवढीच सामग्री पुरते.

या परंपरेतील सर्वांत मोलाचा टप्पा विसाव्या शतकात येतो, कारण त्या काळात ‘मासे पकडण्यात निष्णात’ आणि ‘मासे पकडायला शिकवण्यात निष्णात’ हे दोन वेगळे गुण आहेत हे ओळखले गेले. अमेरिकेतील जोन वुल्फ यांनी १९५१ साली एका लांब फेकीच्या स्पर्धेत सगळ्या पुरुष प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले होते. पण त्यांचे खरे काम त्यानंतरचे आहे. पती ली वुल्फ यांच्यासह त्यांनी १९७९ साली न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल डोंगराळ भागात शाळा काढली आणि दोरी फेकण्याच्या एका सलग हालचालीचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याला नाव दिले. टप्प्याला नाव मिळाले की चूक नेमकी कोठे होते हे शिष्याला सांगता येते. नाव नसेल तर गुरू फक्त ‘पुन्हा कर’ एवढेच म्हणू शकतो. याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोचे मेल क्रिगर हे जगभर फिरून शिकवत होते. १९६५ साली स्थापन झालेल्या अमेरिकेतील फ्लाय फिशर्सच्या महासंघाने १९९२ साली प्रशिक्षकांना प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू केली, आणि तिच्या उभारणीत क्रिगर यांचा वाटा मोठा होता. उमेदवाराने स्वतः उत्तम फेकून दाखवणे या परीक्षेत पुरेसे मानले जात नाही. दुसऱ्याच्या फेकीतला दोष ओळखून तो दुरुस्त कसा करायचा, हेही त्याला दाखवावे लागते. परीक्षेची ही कसोटी अत्यंत योग्य आहे आणि कोणत्याही हस्तकौशल्याच्या शिक्षणाला ती लागू पडावी.

वसईच्या खाडीत याच तोलाचे कौशल्य पाग फेकण्यात दिसते. पाग म्हणजे गोलाकार फेकजाळे. त्याच्या मध्याला लांब दोरी असते, परिघावर शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात, आणि परिघाची कड आतून वर बांधून लहान लहान झोळ्या केलेल्या असतात. फेकणारा गुडघाभर किंवा कमरेइतक्या पाण्यात उभा राहून दोरीचा फास एका मनगटात अडकवतो, जाळ्याचा घोळ त्याच हातात गोळा करतो, त्यातला थोडा भाग कोपरावर टाकतो, कडेचा दुसरा भाग मोकळ्या हातात घेतो, आणि पुष्कळदा शिशाच्या कडेचा एक बिंदू दातांत धरतो. त्यानंतर हाताच्या जोरावर विसंबून न राहता तो कमरेतून वळतो, आणि वळण पूर्ण होत असताना हात, कोपर आणि दात यांतली जाळी ठरावीक क्रमाने सुटत जाते. क्रम साधला तर जाळे हवेत थाळीसारखे गोल उघडून पाण्यावर सपाट पडते आणि शिसे चोहोबाजूंनी एकदम तळाला जाते. क्रम चुकला तर ते लांबट, अर्धवट पडते आणि बोयीचा थवा क्षणात निसटतो. जाळे वर घेणे हीदेखील स्वतंत्र कला आहे. दोरी सावकाश ओढली की शिशाची कड तळावरून घसरत मध्याकडे जमते आणि मासे झोळ्यांत शिरतात. घाईने ओढली तर कड तळापासून उचलली जाते आणि खालून वाट मोकळी होते.

फ्लायच्या दोरीत वजन दोरीभर पसरलेले असते आणि पागात ते परिघावर असते, हा सामग्रीतला फरक सोडला तर दोन्हींचे मर्म सारखेच आहे. दोन्ही ठिकाणी ताकद दुय्यम ठरते, शरीराची लय आणि सोडण्याचा क्षण निर्णायक ठरतो. दोन्ही ठिकाणी पाण्यात काहीही फेकण्याआधी पाणी वाचावे लागते: प्रवाह कोठे संथ होतो, तिवरांच्या मुळांशी सावली कोठे पडते, पृष्ठभागावर उठलेली बारीक लहर वाऱ्याची आहे की खालून जाणाऱ्या थव्याची. इतकेच काय, लक्ष्य असणारे मासेही काही प्रमाणात तेच आहेत. वसईच्या खाडीत मिळणारा जिताडा हाच ऑस्ट्रेलियात ‘बारामंडी’ या नावाने प्रसिद्ध आहे, आणि तेथील खाड्यांत फ्लाय टाकणारे त्याच्यासाठी दूरदूरचा प्रवास करून येतात. आपल्याकडचा रावसही तेथे फ्लायला लागणाऱ्या माशांत मोडतो.

पाग एकट्याचे जाळे आहे. डोल ही सांघिक विद्या आहे आणि तिचा गुरू तांडेल असतो. तांडेल म्हणजे बोटीवरचा प्रमुख, ज्याच्या शब्दावर खलाशी दोर सोडतात आणि ओढतात. डोल हे निमुळत्या पिशवीच्या आकाराचे प्रचंड जाळे असून त्याचे तोंड प्रवाहाच्या समोर उघडे असते आणि शेपटाकडे आस, म्हणजे जाळ्याची भोके, बारीक होत जातात. हे जाळे कोणी ओढत नेत नाही. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरलेल्या वजनांना दोरांनी बांधून ते एका जागी उभे केले जाते, आणि भरती-ओहोटीचा प्रवाहच बोंबील, जवळा, करंदी, मांदेली यांना आणून त्यात टाकतो. प्रवाह उलटण्याआधी जाळे उचलले नाही तर आलेली मासळी हातची जाते. म्हणून डोलीची सारी मदार पाण्याच्या वेळेवर असते, आणि पाण्याची वेळ ओळखणे हा तांडेलाकडून मिळणारा पहिला धडा होय.

हा धडा एका सोप्या हिशेबाने सुरू होतो, आणि कोकणच्या किनाऱ्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला चारचे पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला आठचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. या हिशेबामागे खगोलशास्त्र आहे. चंद्र रोज आकाशात थोडा मागे पडत असल्यामुळे भरतीची वेळ दर तिथीला सरासरी ४८ मिनिटांनी पुढे सरकते, आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. तीन मिनिटांचा हा फरक पंधरवड्यात साठत जातो, शिवाय वारा, पाऊस आणि खाडीची लांबी यांमुळेही वेळ मागेपुढे होते. म्हणूनच तोंडी हिशेब शिकवून तांडेल थांबत नाही, तर दोराला येणारा ताण आणि पाण्यावरच्या फेसाची दिशा पाहून तो दुरुस्त करायला शिकवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे जोराचे पाणी म्हणजे उधाण आणि अष्टमीच्या आसपासचे मंद पाणी म्हणजे भांग. उधाणात या किनाऱ्यावर पाण्याची पातळी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते आणि डोली भरतात. भांगात प्रवाह मंदावतो, तेव्हा जाळी किनाऱ्यावर येतात आणि दुरुस्तीचे काम निघते. अशा प्रकारे महिन्याच्या कॅलेंडरातच शिकण्याचे दोन वर्ग आपोआप पडतात: उधाणात समुद्रावरचा आणि भांगात अंगणातला.

जागेचे ज्ञानही असेच दिले जाते. उपग्रहावर चालणारी जीपीएस यंत्रे येण्याआधी समुद्रात ठरलेली जागा शोधण्यासाठी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणायच्या आणि दुसऱ्या दिशेच्या आणखी दोन खुणा दुसऱ्या रेषेत आणायच्या, म्हणजे त्या रेषा जेथे छेदतात तेथे आपली जागा, अशी रीत होती. वसई-अर्नाळ्याच्या समुद्रातून तुंगारेश्वरचा डोंगर, विरारचा जीवदानीचा डोंगर आणि किनाऱ्यावरचे किल्ले अशा खुणा म्हणून उपयोगी पडण्यासारखे आहेत. यंत्राने हे काम सोपे केले यात वाद नाही आणि धुक्यात किंवा रात्री त्याला पर्यायही नाही. पण यंत्र जागा दाखवते, त्या जागी तळाला चिखल आहे की खडक, आणि कोणत्या महिन्यात तेथे काय येते, हे शेवटी माणसाकडूनच कळते. किनाऱ्यावरच्या या शिक्षणात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. मासळीची निवड, तिचा ताजेपणा आणि वाळवण्यासाठी बोंबील कोणता व विक्रीसाठी कोणता, हा निर्णय त्यांच्या हातात असतो, आणि खडकावरची कालवे फोडण्याची किंवा चिखलातल्या तिसऱ्या वेचण्याची विद्या मुली आईच्या व आजीच्या मागोमाग जाऊनच शिकतात.

उत्तम गुरू मासे पकडायला शिकवतो तसे मासे सोडायलाही शिकवतो, आणि फ्लाय फिशिंगच्या परंपरेने हा भाग विशेष जोपासला. ली वुल्फ यांनी १९३९ पासून गळाला लागलेला मासा जिवंत परत सोडण्याचा पुरस्कार केला. प्रशिक्षक त्यासाठी उलटा काटा नसलेला गळ वापरायला सांगतात आणि मासा हातात घेण्याआधी हात ओले करायला लावतात, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगजंतूंपासून वाचवतो आणि कोरड्या हाताने तो निघून जातो. जिताड्याच्या बाबतीत या शिस्तीला आणखी एक कारण आहे. हा मासा आयुष्याच्या पूर्वार्धात नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो; त्यामुळे खाडीतले सर्व मोठे जिताडे काढले तर अंडी घालणाऱ्या माद्याच काढल्यासारखे होते. याउलट पापलेट, बोंबील यांसारख्या माशांची लहान पिल्ले बारीक आसांच्या जाळ्यात सापडतात ही खरी अडचण आहे. पापलेटाला २०२३ साली महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून मान मिळाला, त्यामागे पालघर जिल्ह्यातल्याच सातपाटीच्या मच्छीमारांचा आग्रह होता. आणि विक्रीयोग्य माशांचा किमान आकार ठरवून त्याहून लहान मासे न पकडण्याचे बंधनही राज्याने घातले. कायद्याचा हा आकार बोटीवर अंमलात आणायचा तर जाळ्याचा आस किती ठेवायचा हे तांडेलाने पटवून घेणे आणि खलाशांना पटवून देणे, हाच व्यवहार्य मार्ग आहे.

सद्हेतूने केलेल्या कामालाही स्थानिक जाणकारीची जोड लागते, याचे एक मोठे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. दख्खनच्या नद्यांतला खडस, म्हणजे महसीर जातीचा मासा, गळ टाकणाऱ्यांचा अत्यंत आवडता. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. तो दुर्मीळ होऊ लागला तेव्हा राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या तलावाकाठी त्याची कृत्रिम पैदास यशस्वी केली, आणि हे यश देशभर वाखाणले गेले. तेथून निघालेली बोटुकली, म्हणजे माशांची लहान पिल्ले, इतर राज्यांत, कावेरीतही सोडली गेली. कावेरीत मात्र मूळचा वशिंडी महसीर वेगळ्या जातीचा होता. बाहेरून आलेल्या खडसाने तेथे जम बसवला, मूळचा महसीर झपाट्याने ओसरला, आणि २०१८ साली तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरच्या जातींत नोंदवला गेला. पैदास करणाऱ्या शास्त्रज्ञांचे काम यामुळे उणे ठरत नाही. कोणत्या पाण्यात कोणता मासा मूळचा, हे त्या नदीवर पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्यांना विचारून मग बीज सोडण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली नव्हती, हे त्यातून दिसते.

औपचारिक शिक्षणाच्या सोयी महाराष्ट्रात आहेत आणि त्यांचे महत्त्व कमी लेखू नये. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ साली सुरू झाली आणि १९८९ पासून ती अभिमत विद्यापीठ आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय चालते. मत्स्यव्यवसाय विभाग किनाऱ्यावरच्या तरुणांसाठी नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाची देखभाल यांचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण देतो. या प्रशिक्षणाच्या अटी लक्षपूर्वक वाचण्यासारख्या आहेत: उमेदवार किमान चौथी उत्तीर्ण हवा, त्याला पोहता आले पाहिजे, आणि समुद्रातल्या मासेमारीचा दोन वर्षांचा अनुभव त्याच्याकडे असला पाहिजे. याचा अर्थ असा की, पोहणे, दोर ओढणे, जाळे सोडणे, पाणी ओळखणे हा सारा पाया वडिलांनी, काकांनी किंवा तांडेलाने आधीच घातलेला आहे, असे शासनही गृहीत धरते. ज्यांच्या शिकवण्यावर हा अभ्यासक्रम उभा आहे, त्यांना शिक्षक म्हणून कोठेही नाव नाही, मानधन नाही आणि प्रमाणपत्रही नाही.

हा पाया आता आपोआप घातला जाईल अशी स्थिती राहिलेली नाही. वसई-विरारची महानगरपालिका २००९ साली झाली त्याच्या कितीतरी आधीपासून येथील तरुण लोकलने मुंबईला नोकरीला जात आहेत. कोळीवाड्यातली मुले शिकून दुसऱ्या व्यवसायांत गेली, ही चांगलीच गोष्ट आहे. बोटींवर तलासरी-डहाणूकडचे आदिवासी खलाशी आणि परराज्यांतून आलेले कामगार वाढले. तेही हुशारीने शिकतात, पण हंगाम संपला की गावी परततात, आणि पुढच्या वर्षी त्याच बोटीवर येतीलच असे नसते. घरातून घरात जाणाऱ्या विद्येला जी सलगता मिळत होती ती यात मिळत नाही. खाडीतला पाग तर याहून लवकर मागे पडतो, कारण प्रदूषणाने आणि भरावाने खाडी आक्रसत असताना त्यावर पोट भरत नाही.

अशा वेळी स्कॉटलंडच्या नद्यांवरचा अनुभव उपयोगी पडू शकतो. तेथे पाहुण्याला नदी दाखवणाऱ्या आणि गळ टाकायला शिकवणाऱ्या स्थानिक वाटाड्याला ‘गिली’ म्हणतात, आणि गिली हा मान व मोबदला असलेला पेशा आहे. पवई तलावाकाठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनसारखी हौशी गळकऱ्यांची जुनी संस्था मुंबईतच आहे, तेव्हा शिकण्याची हौस असणारे आपल्याकडे नाहीत असे म्हणता येत नाही. वसईच्या खाडीची जाणकार ओळख करून देणारा, पाग फेकायला शिकवणारा, जिताडा केव्हा सोडून द्यायचा हे सांगणारा स्थानिक प्रशिक्षक हा तशाच दर्जाचा पेशा होऊ शकतो, आणि त्यातून खाडी राखण्याचे हितही मच्छीमाराच्या बाजूने उभे राहते.

यासाठी वेळ शोधण्याची गरज नाही. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यंत्रचलित नौकांना मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी अंगणात पसरलेली असतात, आणि नारळी पौर्णिमा किंवा ख्रिस्ती कोळ्यांच्या वस्त्यांत बोटींना आशीर्वाद देण्याचा दिवस येईपर्यंत तांडेल घरी असतात. फ्लायची दोरी फेकण्याचे पहिले धडे जगभर मैदानातल्या गवतावर दिले जातात; पागही मैदानावर फेकून शिकवता येतो. वसई तालुक्यातील शाळा-महाविद्यालये, मच्छीमार सहकारी संस्था आणि महानगरपालिका यांनी येत्या जूनमध्ये आपल्या मैदानांवर, सभागृहांत आणि बंदरांवर तांडेल, पाग फेकणारे आणि जाळी विणणाऱ्या स्त्री-पुरुषांना मानधन देऊन शिक्षक म्हणून बोलवावे, त्यांचे धडे चित्रफितीत व मराठीत नोंदवून ठेवावेत, आणि मत्स्यव्यवसाय विभागाने त्यांना प्रशिक्षक म्हणून प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू करावी.